एका हातानं जंतू मारायचे आणि दुसऱ्या हातानं पाजायचे, हे कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. बाळ साडेनऊ महिन्यांचं. सर्दीनंतर कान दुखायला लागला, ताप १०२ पर्यंत गेला. डॉक्टरांनी कानात बघून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप दहा दिवसांसाठी दिलं. ताप उतरला, पण तिसऱ्या दिवसापासून दिवसाला पाच-सहा पातळ शी व्हायला लागल्या. त्यावर डॉक्टरांनी जंतूंच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या लिहून दिल्या. पुढच्या आठवड्यात गोवर-रुबेलाची लस आहे, आणि तीही जिवंत विषाणूंची असते असं तुमच्या वाचनात आलं. इन्सुलिनवर असलेल्या तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "एका हातानं जंतू मारताय, दुसऱ्या हातानं पाजताय आणि वर टोचताय. एवढ्याशा जिवानं किती सोसायचं?" तुम्ही विचारताय, यातलं नेमकं काय बंद करू?

लगेच लागेल ते आधी सांगते. सिरप आणि लस, दोन्ही तुमच्या मनानं थांबवू नका. कुपीचं तसं नाही. दिलीत तर अपाय नाही, नाही दिलीत तरी बाळाचं काही अडणार नाही. पण मी बाळाला पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. शीमध्ये रक्त दिसत असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, डोळे खोल गेलेले वाटत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा हाक मारली तरी मलूल पडून राहत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सिरप सुरू केल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर पुढचा डोस न देता तसेच निघा. यातलं काही नसेल, बाळ खेळतंय, पितंय, फक्त शी पातळ आहे, तर मग सावकाश वाचा.

मी बालरोगतज्ज्ञ नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. केलं आणि गेली चोवीस वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आहे. माझ्याकडे बाळ येत नाही, बाळाचं रक्त, लघवी, कानातला पू येतो. त्यामुळे किती मिली द्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण सासूबाईंनी विचारलेला प्रश्न थेट माझ्या कामाचा आहे, आणि तो अगदी रास्त आहे. मला तर वाटतं, अशी औषधं लिहून देताना हे दोन वाक्यांत समजावून सांगायला हवं होतं. ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं.

घोटाळा होतो तो 'जंतू' या एकाच शब्दामुळे. आपण मराठीत कानातल्या जिवाणूला जंतू म्हणतो, कुपीतल्या बीजाणूला जंतू म्हणतो आणि लशीतल्या विषाणूलाही जंतूच म्हणतो. हे तिघे एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकाला मारणारं औषध दुसऱ्याला कळतही नाही. शिवाय चौथी एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. जंतू मारायला दिलेलं ते सिरपसुद्धा जंतूंनीच केलेलं आहे.

तिथूनच सुरुवात करू. तुमच्या फ्रीजमधल्या त्या बाटलीत दोन औषधं आहेत. पहिलं अमॉक्सिसिलिन, हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. पेनिसिलियम नावाची बुरशी मोठमोठ्या पोलादी टाक्यांत, साखर आणि मका भिजवून उरलेल्या दाट पाण्यावर वाढवतात. ती बुरशी पेनिसिलिन सोडते. त्या पेनिसिलिनच्या रेणूचा एक भाग कापून तिथे दुसरा जोडला की अमॉक्सिसिलिन तयार होतं. कापायचं हे काम करणारं एन्झाइमही मुळात एका जिवाणूचं, ई. कोलायचं. दुसरं औषध क्लॅव्ह्युलॅनेट. ते स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस नावाचा मातीतला जिवाणू बनवतो.

हे स्ट्रेप्टोमायसिस कुळ तुमच्या ओळखीचं आहे. वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा या जिवाणूंचा. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात आणि ते आपल्या नाकाला लगेच कळतं. आमच्याकडे जिवाणू वाढवायची एखादी प्लेट जास्त दिवस राहिली तर कधी कधी तिच्यावर खडूच्या भुकटीसारखी पांढरी, कोरडी वसाहत उगवते. झाकण उचललं की खोलीत जून महिना आल्यासारखं वाटतं. प्लेट मुद्दाम हुंगायची नसते, विद्यार्थ्यांना मी त्यावरून रागावते, पण हा वास न हुंगताही येतो. याच कुळानं आपल्याला स्ट्रेप्टोमायसिन दिलं. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी ते वेगळं केलं आणि क्षयावर पहिल्यांदा औषध मिळालं. टेट्रासायक्लिनही याच कुळातलं. आपल्या पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांना मातीतल्या अशाच एका जिवाणूपासून बुरशीवर चालणारं हॅमायसिन मिळालं, आणि त्या जिवाणूला त्यांनी गावाचं नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुण्याकडचे कोणी हे वाचत असतील तर त्यांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

आता या दोन औषधांची जोडी का, ते बघा. लहान मुलांच्या कानात पू करणारे मुख्य जिवाणू तीन: न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला. जिवाणूच्या भोवती एक भिंत असते. तो वाढताना ती सतत बांधत राहतो. पेनिसिलिन नेमकं ही भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात धरून ठेवतं. भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून बाळाच्या पेशींना त्याची झळ पोचत नाही. सर्दीच्या विषाणूलाही भिंत नाही, म्हणून सर्दीवर हे सिरप पाण्यासारखं. कानातले काही जिवाणू मात्र बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडून औषधाचा रेणूच मोडतात. क्लॅव्ह्युलॅनेट स्वतः फारसे जिवाणू मारत नाही. ते त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देतं.

हे मी रोज डोळ्यांनी बघते. ताटलीएवढ्या नाही, तळहाताएवढ्या काचेच्या प्लेटमध्ये फिकट पिवळसर जेली असते. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेले जिवाणू मिठाच्या पाण्यात ठरावीक गढूळपणा येईपर्यंत मिसळायचे, स्वॉब म्हणजे कापूस गुंडाळलेली काडी, तो बुडवायचा आणि त्या जेलीवर तीन दिशांनी सारवल्यासारखा फिरवायचा. मग वर कागदाच्या चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकती सहा मिलिमीटरची, आणि प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक. संध्याकाळी इन्क्युबेटरमध्ये ठेवलं की सकाळी अख्ख्या प्लेटवर जिवाणूंचा दुधाळ थर आलेला असतो. जिथे औषध चाललं, तिथे चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक गोल उरतो. तो पट्टीनं मोजायचा, तक्त्याशी ताडायचा. तुम्ही कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट म्हणता तो यातून येतो. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलमध्ये फ्लेमिंग यांनी बुरशीच्या ठिपक्याभोवती असाच मोकळा गोल पाहिला होता. फरक इतकाच की त्यांच्या प्लेटवर ती बुरशी आपसूक येऊन पडली होती.

दहा दिवस जास्त वाटतात, ताप तर उतरलाय, मग बंद का करू नये, असंही तुम्ही लिहिलंय. याचं उत्तर आजारावर आणि वयावर अवलंबून आहे. 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य सगळीकडे सारखंच लागू पडत नाही, काही आजारांत कमी दिवस पुरतात हे आता सिद्ध झालंय. पण दोन वर्षांखालच्या मुलाच्या कानाचं तसं नाही. अमेरिकेत ६ ते २३ महिन्यांच्या ५२० मुलांवर याच औषधाची पाच दिवस विरुद्ध दहा दिवस अशी तुलना झाली, २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. पाच दिवसांत थांबवलेल्यांपैकी ३४ टक्के मुलांत उपचार फसला, दहा दिवसवाल्यांत १६ टक्क्यांत. कमी दिवस दिल्यानं नाकातले जिवाणू कमी निर्ढावतात म्हणावं, तर तसाही फायदा दिसला नाही. तुमच्या डॉक्टरांनी दहा दिवस लिहिले ते उगाच नाही.

औषध मध्येच थांबलं की काय होतं, त्याचं सर्वांत जुनं उदाहरण पेनिसिलिनच्या पहिल्या रुग्णाचं आहे. ऑक्सफर्डमधले पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर, फेब्रुवारी १९४१. चेहऱ्यावर आणि फुप्फुसात पू झालेला. फ्लोरी आणि चेन यांच्या गटानं तयार केलेलं पेनिसिलिन दिल्यावर ते चार दिवसांत उठून बसले, जेवायला लागले. पण जगातलं सगळं पेनिसिलिन तेवढंच होतं. त्यांच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही. जंतू पुन्हा उसळले आणि मार्चमध्ये ते गेले. आज ते औषध तुमच्या फ्रीजच्या दारात आहे.

आता जुलाब. हे औषध कानापुरतं काम करत नाही, पोटातून जातं आणि आतड्यातल्या शेकडो जातींच्या जिवाणूंची घडी विस्कटतं. त्यात क्लॅव्ह्युलॅनेट आतड्याला ढवळणारं म्हणून ओळखलं जातं. या सिरपनं शी पातळ होणं हा त्याचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे, अ‍ॅलर्जी नव्हे. आधी तीन साध्या गोष्टी तपासा. कोरड्या पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी बरोबर खुणेपर्यंत घातलं होतं का? पाणी घालून फेस बसायच्या आधीच खूण बघितली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. प्रत्येक वेळी बाटली नीट हलवता का? न हलवता दिलं की सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट जातात. आणि मोजता कशानं? घरातल्या चमच्यानं मोजू नका, सोबत आलेल्या टोपीनं किंवा सिरिंजनं मोजा. दूध किंवा जेवण सुरू करतानाच औषध दिलं तर पोटाला कमी लागतं. मिसळलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच वापरायची, आपल्याकडे बहुधा सात दिवस. म्हणून दहा दिवसांच्या उपचाराला बरेचदा दुसरी बाटली लागते. पहिलीच दहाव्या दिवसापर्यंत पुरवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजा. या मिश्रणांचं प्रमाण वेगवेगळं येतं आणि काहींत क्लॅव्ह्युलॅनेट कमी असतं. जुलाब वाढलेच तर डॉक्टर तसं बदलून देऊ शकतात, म्हणून फोन करून सांगा.

कुपीकडे वळते. तिच्यात बहुधा बॅसिलस क्लॉसाय नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, एका कुपीत साधारण २०० कोटी. बीजाणू म्हणजे जिवाणूनं स्वतःला घट्ट गुंडाळून घेतलेली झोपेची अवस्था. ना उष्णतेनं मरत, ना पोटातल्या आम्लानं. शिवाय हे बियाणं पेनिसिलिनला दाद न देणारं निवडलेलं असतं. त्यामुळे 'सिरप त्यांना मारून टाकेल, मग देऊन काय उपयोग' ही शंका इथे फारशी लागू होत नाही. यीस्टच्या पावडरची पाकिटंही मिळतात, सॅकरोमायसिस बुलार्डी. १९२० च्या सुमारास बुलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालीवरून हे यीस्ट मिळवलं. यीस्ट हे बुरशीच्या कुळातलं, त्याला अँटिबायोटिकचं काही वाटत नाही.

आता माझं मत. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी जो चांगला पुरावा आहे तो या यीस्टचा आणि लॅक्टोबॅसिलसच्या एका ठरावीक वाणाचा, तोही अँटिबायोटिकबरोबर पहिल्यापासून दिलं तर. बॅसिलसच्या कुपीचा पुरावा त्या मानानं तोकडा आहे. आपल्याकडे ती गरजेपेक्षा सवयीनं जास्त लिहिली जाते असं मला वाटतं. निरोगी बाळाला ती सुरक्षित आहे. पण मुदतीआधी जन्मलेलं अशक्त बाळ, केमो चालू असलेलं मूल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेला रुग्ण असेल तर जिवंत जंतूंची कोणतीही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. अशा रुग्णाच्या रक्तात हेच 'चांगले' यीस्ट वाढू शकतं. तेव्हा जंतू चांगला की वाईट हे विचारण्याआधी मी विचारते, कुठला, कुठे, आणि कुणाच्या अंगात. तुमच्या घरी विरजण लागत असेल तर बाळाला ताजं, गोड दही भरवायला काहीच हरकत नाही. औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून.

सासूबाईंच्या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला जास्त बोलायचंय, कारण लस लांबली तर बाळ तेवढे दिवस गोवरापासून उघडं राहतं.

बाळाचा डावा दंड बघा. तिथे बीसीजीचा छोटा व्रण असेल. जन्मल्यावर टोचलं तेव्हा काही दिसलं नसेल. दोन-तीन आठवड्यांनी मटकीएवढी पुळी आली असेल, वाढली असेल, फुटून थोडा स्राव आला असेल आणि मग हळूहळू खपली धरून हा व्रण राहिला. ते सगळं जिवंत जिवाणूंनी केलं. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेट आणि गेराँ या दोघांनी गाईंच्या क्षयाचा जिवाणू घेतला आणि १९०८ पासून तो बैलाचं पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवत नेला. दर तीन आठवड्यांनी नवा काप. तेरा वर्षं, २३० वेळा. मधे पहिलं महायुद्ध झालं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी त्यांनी हा क्रम मोडला नाही. प्रयोगशाळेत एक आठवडा इन्क्युबेटर बंद पडला की आमची काय धांदल उडते ते मला माहीत आहे, म्हणून मला याचं फार वाटतं. पित्तावर वाढता वाढता तो जिवाणू माणसाळला. शरीराला ओळख देण्याइतका जिवंत राहिला, आजार देण्याची ताकद गेली. १९२१ साली पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला दिला, तोही तोंडातून, पाजूनच. त्या बाळाची आई क्षयानं गेली होती आणि ते आजीकडे वाढणार होतं. आजीलाही क्षय होता. बीसीजी मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून भरवशाचं रक्षण करत नाही, हे आपल्याच देशात, तमिळनाडूत चेंगलपट्टूला झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाचा क्षय ती टाळते, आणि तो आजार ज्यांनी वॉर्डात पाहिलाय ते ही लस कधी टाळणार नाहीत.

सगळ्या लशी जिवंत नसतात. बाळाला दिलेल्या पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प आणि धनुर्वाताच्या जिवाणूंचं फक्त विष आहे, तेही निर्विष केलेलं. डांग्या खोकल्याचा जिवाणू मारलेला आहे. हिमोफिलसच्या आवरणाचा नुसता तुकडा आहे. आणि काविळीच्या बी विषाणूचं एक प्रथिन आहे, जे यीस्टकडून तयार करून घेतलंय. तोंडातून दिलेले पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब मात्र जिवंत विषाणूंचे. म्हणजे जंतू पाजण्याचं काम कुपीच्या कितीतरी आधी, जन्मल्यावर दिलेल्या पोलिओच्या पहिल्या थेंबांपासूनच सुरू झालं होतं, आणि बाळानं ते छान पेललं. सासूबाईंना हेही सांगा की त्यांचं इन्सुलिन पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून माणसाचंच इन्सुलिन ई. कोलायकडून, आणि पुढे यीस्टकडूनही, बनवून घेतलं जातं. इन्सुलिनच्या बाटलीत तो जंतू नसतो, त्यानं केलेलं काम असतं.

'जंतू अंगात टोचून घ्यायचे?' हा प्रश्न मुंबईनं सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उसळला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या तुटपुंज्या जागेत प्लेगचा जिवाणू वाढवायला घेतला. रश्श्याच्या पृष्ठभागावर त्यांनी तूप सोडलं. तुपाच्या तरंगत्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढले, गुहेच्या छताला चुनखडीचे झुंबर लोंबतात तसे. मग ते उष्णता देऊन मारले, आणि १० जानेवारी १८९७ ला ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती हीच. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले. लशीचा दोष नव्हता, बाटली उघडताना घाण शिरली होती, पण हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला वर्षं गेली. म्हणून लसीकरणाला गेलात की बघा, नर्सताई गोवर-रुबेलाची बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहितात आणि चार तासांनंतर उरलेली लस टाकून देतात. दोन-चार बाळं जमेपर्यंत थांबवलं तर चिडू नका. एका बाटलीत अनेक डोस असतात, म्हणून त्या थांबवतात.

तुमच्या लशीतला गोवराचा विषाणू १९५४ साली बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून आला, डेव्हिड एडमन्स्टन त्याचं नाव. पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवत तो दुबळा केला. त्याची एक शाखा क्रोएशियात झाग्रेबला आणखी मवाळ झाली आणि तीच पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत वापरली जाते. आता तुमचा नेमका प्रश्न, सिरप चालू असताना ही लस द्यावी का? द्यावी. सिरप जिवाणूंची भिंत अडवतं, गोवराचा विषाणू त्याच्या वाटेत येतच नाही. लस फुकट जात नाही आणि बाळाला जास्त त्रासही होत नाही. (तोंडातून घ्यायची टायफॉइडची जिवंत लस याला अपवाद आहे, कारण ती जिवाणूंची असते. तुमच्या बाळाला ती देत नाहीत.) साधी सर्दी, बारीक ताप, पातळ शी ही लस पुढे ढकलायची कारणं नाहीत. त्या दिवशी ताप जास्त असेल, बाळ खरंच आजारी दिसत असेल, तर दोन-चार दिवस थांबायचं, बस. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा 'बाळ जरा बरं नव्हतं म्हणून राहून गेली' हे वाक्य आम्ही फार ऐकलं.

त्याच दिवशी न्यूमोकोकसच्या लशीचा नऊ महिन्यांचा डोसही असतो. कानात पू करणाऱ्या तिघांपैकी पहिला, तोच हा. त्याच्या साखरेच्या आवरणाचे तुकडे या लशीत असतात. म्हणजे आज कदाचित ज्याच्याशी सिरपनं लढताय, त्याच्यासाठीच ही सुई आहे. दोन-तीन सुया एका दिवशी बघून जीव कासावीस होतो, मलाही माझ्या मुलीच्या वेळी झाला होता. तरी एकाच दिवशी घ्या.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आठवल्याशिवाय मला अँटिबायोटिकबद्दल लिहिता येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नवजात बाळाच्या रक्तातून क्लेबसिएला नावाचा जिवाणू वाढला. सकाळी प्लेट उचलली. दुधाळ थर सलग, चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत. एकाही चकतीभोवती गोल नव्हता. मी प्लेट प्रकाशासमोर तिरपी धरून पुन्हा पाहिली, मग पुन्हा लावली, दुसऱ्या दिवशीही तेच. त्या बाळानं तोवर एकही अँटिबायोटिक घेतलेलं नव्हतं, ते जन्माला येऊन तीनच दिवस झाले होते. निर्ढावलेला जिवाणू त्याला दुसऱ्या कुणाकडून तरी मिळाला होता. शेवटी कोलिस्टिन चाललं. तेही एका जिवाणूनंच बनवलेलं जुनं औषध, मूत्रपिंडाला जड म्हणून आम्ही बाजूला ठेवलेलं. बाळ वाचलं, एकवीस दिवसांनी घरी गेलं. पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच नोंदवलं होतं, पहिल्या रुग्णाला औषध मिळायच्याही आधी. मातीत ही झटापट माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आपण मधे शिरलोय. म्हणून कानाला लागणारं औषध पुरे दिवस द्या आणि सर्दीला न लागणारं देऊ नका, या दोन्ही गोष्टी मी एकाच तळमळीनं सांगते.

तेव्हा थोडक्यात, तुमच्या दारात आज काय आहे? सिरप दहा दिवस, नीट मिसळून, मोजून, दुधाबरोबर. ओआरएस आणि अंगावरचं दूध. कुपी डॉक्टरांनी दिलीय तर द्या, संपली तर नवी आणायला धावू नका. लसीकरणाला ठरल्या दिवशी जा, बाळाचं कार्ड न्या आणि कोणतं औषध चालू आहे ते नर्सताईंना सांगा. जमलं तर सासूबाईंनाही बरोबर न्या, दंडावरचा व्रण त्यांना दाखवा आणि तो पॅरिसच्या आजीकडे वाढणाऱ्या बाळाचा किस्सा सांगा.

लस दिल्यावर सात ते बारा दिवसांत बाळाला बारीक ताप येऊ शकतो, अंगावर पुरळही उठू शकतं. तो लशीतल्या विषाणूशी शरीराची ओळख होत असल्याचा ताप असतो, एक-दोन दिवसांत जातो. लागलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. ताप जास्त चढला किंवा टिकला तर डॉक्टरांना दाखवा. पण फ्रीजमधलं उरलेलं सिरप त्या तापावर काढू नका. तोवर त्या बाटलीची मुदत संपलेली असेल, आणि मुदतीत असतं तरी त्या तापाशी त्याचं काही देणंघेणं नाही.